लाईट आल्यावर

अंबडमध्ये लाईट गेलेली असते तोवर माझा फोन शांत असतो. लाईट आली की वाजायला लागतो. गेलेली असताना सगळेच हातावर हात ठेवून बसलेले असतात, कुणाचीच तक्रार नसते. मग लाईट येते, कॉम्प्युटर सुरू होतात आणि त्यातला एखादा काल होता तसा उठत नाही. स्पीकरचा आवाज येत नाही, प्रिंटर पावती अर्ध्यातून कापतो, अंगठ्याचं मशीन लाल दिवाच दाखवत नाही. मी इथं कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेल्या वस्तू दुरुस्त करतो. गिऱ्हाईक म्हणजे ई-सेवा केंद्रं, शाळा, कृषी सेवा केंद्रं आणि जिनिंगचे वजनकाटे. वडीगोद्री, शहागड, रोहिलागड, इकडे पाचोडपर्यंत.

प्रत्येक फोनवर एक वाक्य ठरलेलं असतं. ‘सर, काल चालू होतं. आम्ही कशालाच हात लावला नाही.’ या धंद्यातली पुष्कळ माणसं हे ऐकून मनात म्हणतात, काहीतरी केलंच असणार. मी तसं म्हणत नाही. बहुतेक वेळा लोक खरंच सांगत असतात. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी काहीही बदललेलं नसतं, आणि तरीही सेटिंग गेलेलं असतं. ते कसं जातं, हे समजून घेण्यात माझी नोकरीधंद्याची बहुतेक वर्षं गेली.

मूळ गोष्ट सोपी आहे. साउंड कार्ड, प्रिंटरचं पोर्ट, नेटवर्कचं कार्ड, यांच्या चिपमध्ये छोटे कप्पे असतात. आवाज किती, वेग किती, कोणती वाट उघडी, हे त्या कप्प्यांत भरलेलं असतं. वीज गेली की बहुतेक कप्पे कोरे होतात. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर ड्रायव्हर येतो, चिपला जागं करतो आणि कप्पे पुन्हा भरतो. काय भरायचं, हे त्याला कुठूनतरी वाचावं लागतं. म्हणजे आपण स्क्रीनवर जे सेटिंग बदलतो ते चिपमध्ये गेलं एवढ्यानं भागत नाही. ते डिस्कवरही कुणीतरी लिहून ठेवायला हवं. लिहिलंच नाही, तर ड्रायव्हर कारखान्यात ठरवलेल्या किमती भरतो आणि मोकळा होतो. म्हणून मी कुठंही गेलो की दोनच प्रश्न मनात धरून बसतो: हे सेटिंग कधी लिहिलं गेलं, आणि कुणाच्या नावावर लिहिलं गेलं?

नावावरचा घोळ वजनकाट्यावर जितका महागात पडतो तितका दुसरीकडे कुठं पडत नाही.

दिवाळीनंतर जालना रोडच्या जिनिंगांवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. गाडी आधी भरलेली काट्यावर चढते, कापूस उतरवून रिकामी पुन्हा चढते, दोन्हींतला फरक म्हणजे माल. काट्याच्या केबिनमध्ये लाल आकड्यांचा इंडिकेटर असतो. त्याच्या मागून एक जुन्या पद्धतीची सीरियल वायर निघते आणि तो वजनाचे आकडे अक्षरांच्या रूपात सतत कॉम्प्युटरकडे पाठवत राहतो. आताच्या कॉम्प्युटरला तसं पोर्ट नसतं, म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर लावतात. एका हंगामात अशाच एका केबिनमधून मुनीमजींचा फोन आला. ‘सर, डब्यावर वजन दिसतंय, कॉम्प्युटरवर येईना गेलंय. गाड्या रोडपर्यंत गेल्यात.’

पोचलो तेव्हा मुनीमजी इंडिकेटरवरचा आकडा बघून हातानं टाईप करत होते आणि काचेबाहेर एक काका वाद घालत होते. ‘हातानं कशाला मारता? मशीनचा आकडा येऊ द्या, मग पावती घेतो.’ काकांचं बरोबर होतं. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. वीस किलो इकडचे तिकडे झाले तर दीड हजार रुपये. वर्षभर राबून आणलेल्या मालाचं वजन कुणीतरी बघून टाईप केलेलं असावं, हे कोणता शेतकरी सहन करील? मुनीमजी प्रामाणिक माणूस आहेत, पण काकांना ते कसं कळणार? आकडा थेट काट्यावरून कागदावर उतरतो, याच भरवशावर ती सगळी रांग उभी असते.

झालं असं होतं की सकाळी लाईट नसताना यूपीएस उचलून केर काढला होता. त्यासाठी मागच्या वायरी काढल्या आणि पुन्हा खोचल्या. ज्या भोकात जी वायर बसली ती बसवली. यूएसबीची सगळी भोकं सारखीच दिसतात, त्यात कुणाला काही बदललं असं वाटायचं कारणच नाही. पण विंडोजला ती सारखी नसतात. यूएसबी वस्तूला स्वतःचा अनुक्रमांक असेल तर विंडोज तिला त्या क्रमांकानं ओळखतं, मग ती कुठंही खोचा. स्वस्तातल्या कन्व्हर्टरच्या चिपला असा क्रमांक नसतो. अशा वेळी विंडोज तिची नोंद भोकाच्या नावानं करतं. शाळेत मुलाऐवजी बाकाच्या नावानं हजेरी मांडावी, तशातला प्रकार. वायर दुसऱ्या भोकात गेली की विंडोजच्या लेखी ती नवीनच वस्तू, आणि तिला नवा कॉम नंबर, म्हणजे पोर्टचा नंबर. जुना नंबर मात्र पहिल्या भोकाच्या नावावर राखून ठेवलेला. काट्याचं सॉफ्टवेअर कॉम ३वर कान लावून बसलेलं, आणि आकडे येतायत कॉम ९वर.

तिथं सॉफ्टवेअरमध्ये नंबर बदलून गाड्या सुरू केल्या. पण असं दर वेळी नंबर बदलत गेल्यानं पुढं काय होतं, ते दुसऱ्या एका केबिनमध्ये बघितलं. तिथं वायर कॉम १७वर पोचली होती. काट्याची इथली बरीच सॉफ्टवेअर १९९८ सालच्या व्हिज्युअल बेसिक ६मध्ये बांधलेली आहेत. त्यातला सीरियल पोर्ट उघडणारा भाग १ ते १६ एवढेच नंबर जाणतो. सतरावा नंबर त्याला देताच येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगितली, तेव्हा पोर्टांच्या यादीत फिकट चिन्हांची रांगच उघडली. ती वायर आजवर ज्या ज्या भोकात बसली होती, त्या प्रत्येकाची एकेक नोंद. एकेक फिकट नोंद काढून टाकली, चालू नोंदीला कॉम ३ दिला, आणि आकडा स्क्रीनवर आला. सेटिंग पुसलं गेल्यामुळे अडचण येते असं वाटतं, पण त्या केबिनमध्ये एकही सेटिंग पुसलं गेलं नव्हतं. सगळी जपलेली होती. चुकीच्या नावांवर जपलेली होती, एवढंच.

तेव्हापासून काट्याची वायर ज्या भोकात बसते त्यावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो आणि वायरच्या टोकालाही तसाच. पैसे खर्च करायची तयारी असेल तर स्वतःचा अनुक्रमांक असलेल्या चिपची वायर आणायला सांगतो. एफटीडीआय कंपनीच्या एका प्रचलित चिपमध्ये तो कारखान्यातूनच लिहून येतो. अर्थात याच कंपनीच्या बाबतीत २०१४ साली जगभर गाजलेला प्रकारही सांगायला हवा. तिनं विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर सोडला की नकली चिप सापडली तर तो तिच्या आतल्या कायम स्मृतीत ओळख क्रमांकाच्या जागी शून्य लिहून टाकायचा. ते शून्य कॉम्प्युटर कितीदाही बंद-चालू केला तरी जात नव्हतं, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तरी वायर ओळखू येत नव्हती. नकली माल विकणाऱ्यावरचा कंपनीचा राग मी समजू शकतो. पण शिक्षा भोगत होता तो वायर विकत घेणारा, ज्याला आपली चिप अस्सल की नकली हे कळायचा मार्गच नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीनं तो ड्रायव्हर मागे घेतला.

नावाचा हा प्रश्न लिनक्सवाल्यांनी जास्त सरळ सोडवला असं माझं मत आहे. तिथंही पूर्वी जी वस्तू आधी सापडेल तिला शून्य नंबर, नंतरचीला एक, असं चालायचं आणि रीस्टार्टनंतर क्रम उलटायचा. २००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह आणलं. त्यात आपणच एका ओळीचा नियम लिहून ठेवायचा: अमुक उत्पादकाची, अमुक क्रमांकाची वस्तू दिसली की तिला हे नाव दे. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे मी अशी ओळ लिहून ठेवली आहे आणि काट्याच्या वायरीचं नाव ‘काटा’ असंच ठेवलं आहे. ती कोणत्याही भोकात गेली तरी काटाच राहते. एकाच जातीच्या, अनुक्रमांक नसलेल्या दोन वायरी असतील तर मात्र तिथंही भोकाचाच आधार घ्यावा लागतो.

आता उरलेला प्रश्न: कधी लिहिलं?

तालुक्यातल्या एका शाळेच्या लॅबमध्ये आम्ही जुन्या कॉम्प्युटरांवर उबुंटू, म्हणजे लिनक्सच, टाकलं होतं. विंडोज त्यांना झेपत नव्हतं. बाईंना मुलांना कविता ऐकवायच्या असत. दुपारी सगळं ठीक चालायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एका कॉम्प्युटरचा आवाज गायब. बाईंनी मला बोलावलं तेव्हा त्यांनी दिवसवार टिपण ठेवलेलं होतं, त्याचा फार उपयोग झाला. त्या कॉम्प्युटरचं हेडफोन लावायचं भोक मुलांनी वापरून वापरून सैल झालं होतं. त्यात काही नसतानाही साउंड कार्डाला वाटायचं की हेडफोन लावलेत, आणि ते स्पीकर बंद करायचं. ‘ऑटो-म्यूट’ नावाचं एक सेटिंग बंद केलं की स्पीकर बोलायचे. मी ते बंद करून दिलं, आवाज आला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा शांतता.

लिनक्समध्ये आवाजाची यंत्रणा अल्सा नावाची आहे. चिपमधल्या प्रत्येक कप्प्यात काय आहे, हे अल्सा एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून ठेवते आणि सुरू होताना तीच फाइल वाचून कप्पे भरते. ती फाइल कुणालाही उघडून वाचता येते. प्रत्येक नियंत्रणाचं नाव, त्याची आत्ताची किंमत, किती ते किती जाऊ शकतं, सगळं ओळीओळीनं. पण त्या कॉम्प्युटरवर ती फाइल लिहिली जायची ती कॉम्प्युटर रीतसर बंद होताना. आणि त्या लॅबमध्ये तो कधीच रीतसर बंद होत नव्हता. संध्याकाळी शिपाईमामा दारामागचा मेन स्विच पाडायचे. त्यांना तसंच सांगितलेलं होतं, शॉर्टसर्किटची भीती म्हणून, आणि ती भीती काही खोटी नाही. स्विच पडला की फाइल लिहायला वेळच उरत नव्हता. सकाळी कॉम्प्युटर जुनीच फाइल वाचायचा.

उपाय एका आज्ञेचा. सेटिंग बदललं की त्याच क्षणी अल्साला सांगायचं, आत्ता लिहून ठेव. ते केल्यावर आवाज टिकला. मी फाइल उघडून बाईंना ती ओळ दाखवली, ऑटो-म्यूटपुढं ‘बंद’ लिहिलेली. त्यांनी आज्ञा वहीत उतरवून घेतली आणि आता त्या स्वतःच ते करतात.

पण मला तेव्हापासून एक गोष्ट खटकत राहिली. लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड लिनक्स बंद होताना लिहितं. वायफायचं बटण दाबताक्षणी लिहितं. एकाच प्रणालीत दोन रीती आहेत. बंद होताना एकदाच लिहिलं की डिस्कवरचं लिखाण वाचतं, हे खरं. पण ज्यानं हे ठरवलं त्याच्या गावात कॉम्प्युटर माणूस बंद करत असणार. आमच्याकडे तो खांबावरून बंद होतो. जिथं वादळ आलं की तारा लोंबकळतात, जिथं जूनच्या पहिल्या पावसात डीपीचा फ्यूज उडतो, तिथं ‘बंद होताना जपू’ हे वचन पाळलं जाणारच नाही. माझं ठाम मत झालं आहे की माणसानं हातानं बदललेली किंमत बदलल्याबरोबर लिहिली गेली पाहिजे. लिखाण थोडं जास्त झालं तरी चालेल.

विंडोजनं यात बरंच केलं आहे, तेही सांगायला हवं. त्याची रजिस्ट्री म्हणजे सेटिंगचं कोठार. त्यात बदल झाला की तो थोड्या वेळानं डिस्कवर उतरतो, आणि मध्येच वीज गेली तर सावरता यावं म्हणून सोबत नोंदींच्या वेगळ्या फाइली असतात. त्यामुळे अर्धवट लिहून कोठार मोडण्याचे प्रकार पूर्वीपेक्षा कमी झालेत. पण रजिस्ट्रीची एक जास्तीची प्रत विंडोज स्वतःहून काढून ठेवायचं, ते २०१८च्या १८०३ आवृत्तीपासून थांबलं. फोल्डर तिथंच दिसतं, फाइलींची नावंही दिसतात, आकार मात्र शून्य. डिस्कची जागा वाचवायला तसं केलं, असं कारण दिलं गेलं. वाचली ती जागा एखाद्या सिनेमाच्या फाइलीपेक्षाही कमी आहे. आम्हाला ती प्रत हवी होती.

कधी कधी उलटं होतं: जे विसरायला हवं तेच जपलं जातं. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, त्या जुलैत ई-सेवा केंद्रांवर पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात पीएम-किसानची ई-केवायसी आणि आधारवरून पैसे काढणं, म्हणजे अंगठा. एका केंद्रावरचा पोरगा रडकुंडीला आला होता. ‘दादा, चार वेळा बंद करून चालू केला, अंगठ्याचं मशीन धरतच नाही.’ बाकड्यावर एक आजी पिशवीत आधार कार्ड घेऊन बसल्या होत्या, सकाळच्या एसटीनं आलेल्या.

विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ‘शट डाउन’ केलं की उघडलेले प्रोग्रॅम बंद होतात, पण प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत डिस्कवर उतरवले जातात आणि सकाळी तसेच परत उचलले जातात. कॉम्प्युटर लवकर उठतो तो त्यामुळे. पण ड्रायव्हर अडकलेल्या अवस्थेत असेल तर तीही अवस्था जशीच्या तशी परत येते. चार वेळा बंद-चालू केलं तरी चारही वेळा तोच अडकलेला ड्रायव्हर. ‘रीस्टार्ट’ केलं तर मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. त्या पोराला मी म्हटलं, बंद नको करू, रीस्टार्ट कर. मशीन उठलं, आजींचा अंगठा दुसऱ्या खेपेला लागला. नंतर मी ती सोय त्या कॉम्प्युटरवर बंदच करून ठेवली. बंद करा म्हणजे सगळं नवं होईल, ही आपली साधी समजूत आहे आणि ती चुकीची ठरावी असं कुणी करायला नको होतं.

याहून तळाची स्मृती मदरबोर्डवर असते. १९८४ साली आयबीएमच्या एटी कॉम्प्युटरमध्ये पहिल्यांदा घड्याळाच्या चिपमध्येच ६४ बाइटची जागा दिली आणि तिला बॅटरीवर जिवंत ठेवलं. आजही बोर्डावर नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतोच. कॉम्प्युटरला वीज मिळत असते तोवर सेलवर भार नसतो. आमच्याकडे रात्र-रात्र वीज नसते, सुट्टीत शाळेचा मेन स्विच महिना-महिना पडलेला असतो, म्हणून तो लवकर संपतो. सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं आणि सरकारी वेबसाइट उघडतच नाहीत, कारण सुरक्षेच्या प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही. लोक म्हणतात, नेट गेलं. त्याहून वाईट म्हणजे डिस्क कोणत्या पद्धतीनं चालवायची हे सेटिंग काही जुन्या बोर्डांवर मूळपदावर येतं, विंडोजला त्या पद्धतीचा ड्रायव्हर सापडत नाही आणि निळा पडदा येतो. अशा कॉम्प्युटरचं विंडोज पुसून नव्यानं टाकून दिल्याचे, आणि त्यात केंद्राच्या पावत्या गेल्याचे प्रकार मी पाहिले आहेत. पन्नास रुपयांचा सेल आणि एक सेटिंग, एवढंच काम होतं.

मी शिकलो तो डॉसचा काळ. साउंड कार्ड लावलं की आपणच एक ओळ लिहायची: पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १. ती सुरुवातीच्या फाइलीत टाकली की दर वेळी वाचली जायची. त्रास होता, दोन कार्डांनी एकच इंटरप्ट धरला की तासन् तास जायचे. पण काय लिहिलंय आणि कुठं, हे डोळ्यांसमोर असायचं. आताच्या पोरांना मी ते दिवस परत आणा म्हणत नाही. फक्त त्यांना त्यांच्या कॉम्प्युटरचं काय कुठं लिहिलंय, हे दाखवणारं कुणीतरी हवं.

म्हणून प्रत्येक केबिनमध्ये, केंद्रात आता दारामागे एक कागद चिकटवलेला असतो, मराठीत, मोठ्या अक्षरात. काट्याची वायर: मागच्या बाजूला, वरच्या रांगेत डावीकडचं, लाल ठिपक्याचं भोक. कॉम ३. वेग २४००. पावतीच्या कागदाची लांबी सहा इंच. रीस्टार्ट करा, शट डाउन नको. सेल कधी बदलला ती तारीख. शिवाय पोर्टांच्या आणि प्रिंटरच्या नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर काढून मुनीमजींच्या कपाटात. आता निम्मे फोन ‘कागदावर बघा’ एवढ्यावरच मिटतात. धंद्याचं नुकसान होत असेल थोडं. होऊ दे, गाड्या थांबत नाहीत.

सध्या नवं काम निघालंय. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, तेव्हापासून काटेवाले विंडोज ११वर चाललेत. स्वस्त वायरीतली एक जुनी चिप तिथं चालत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायरीच्या नावाच्या जागीच लिहून येतं की ही चिप २०१२पासून बंद आहे, विक्रेत्याशी बोला. कॉम ३ जपलेला असतो, ठिपका जागेवर असतो, भोकही बरोबर असतं, फक्त तो नंबर वाचणारा ड्रायव्हर त्या चिपला ओळखायला तयार नसतो. त्या वायरी बदलाव्याच लागतात. एकदा कापूस सुरू झाला की केबिनमध्ये कुणी मला बसू देत नाही, म्हणून दसऱ्याच्या आत जेवढ्या होतील तेवढ्या उरकतोय.